आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? आधी हे वाचा

31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी होते, 1937 ला बाबासाहेब तिथं थांबले होते म्हणून, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला पाहिजेत यार. मग करा ना! पण मोबाईल तोंडापुढे धरायच्या आधी एक किस्सा ऐका.

1936 ते 38 मध्ये अमेरिकेच्या सरकारने गुलामी भोगलेल्या 2300 पेक्षा जास्त म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. चार्ल्सटनच्या सुसान हॅमलिन आजीने गोऱ्या बाईला सांगितलं की मालक भला माणूस होता, आणि काळा माणूस विचारायला आला तर तीच आजी चाबकाचं बोलली, आईपासून तोडून विकलेल्या पोरांचं बोलली. आता फक्त पहिलीच मुलाखत उरली असती तर? 2023 ला अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्याने शाळांच्या अभ्यासक्रमात लिहिलंच की गुलाम जी कौशल्यं शिकले ती काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, आणि त्याच वर्षी आफ्रिकन अमेरिकन स्टडीजचा हायस्कूलचा कोर्सही नाकारला.

म्हणून कोण विचारतंय ते आधी ठरवा. वस्तीतलाच, जमलं तर घरातलाच माणूस पाठवा, गावच्या पाटलाच्या पोराला नको, तो कितीही चांगला असू दे. आजी पहिले विचारणार, "तू कोना पोऱ्या शे?" त्याचं नीट उत्तर द्या, चहा घ्या, मग फोन काढा. रेकॉर्डिंग करतोय हे सांगा, कोणाला ऐकवलं तर चालेल तेही विचारा. फोन एअरप्लेन मोडवर, गोधडीची घडी करून तिच्यावर ठेवा, आणि कूलर बंद, गरम होईल पण नाहीतर नुसती घरघरच ऐकू येते.

"अन्याय झाला का" असं विचारलं की "नाही रे बाबा" म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा पाणी कुठून आणायचे, पोळ्याला बैल कुठून न्यायचे, शाळेत कुठं बसायचे, हे विचारा. अहिराणी असेल तर अहिराणीच ठेवा, लिहून काढताना पुस्तकी करू नका.

शेवटी तारीख, गाव, नाव बोलून ठेवा. कॉपी तीन ठिकाणी, वॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे बॅकअप झाला असं नसतं. शाळा घेईल तेव्हा घेईल, अमेरिकेतले काळे इतिहासकार कार्टर वुडसननी 1926 ला फेब्रुवारीतला आठवडा स्वतःच ठरवून काळ्यांचा इतिहास शिकवायला सुरुवात केली होती.

आणि हो, झालेलं रेकॉर्डिंग पहिले तिलाच ऐकवा. "थांब, हाई चुकनं" म्हणत बऱ्याचदा तिथूनच खरं सुरू होतं, बॅटरी शिल्लक ठेवा.