परिणामी बल काढताना या चुका टाळा

बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी), डिप्लोमा आणि व्हीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या, पहिल्या वर्षाच्या पोरांना मी शिकवतो. पोरगं खानापूरचं असो की निपाणीचं, घसरायच्या जागा ठरलेल्या.

एकच गणित धरू. एका कडीला तीन दोऱ्या. ५० न्यूटन उजवीकडे, आडवं. ८० न्यूटन वर, पण उभ्या रेषेपासून ३० अंश डावीकडे कललेलं. ६० न्यूटन डावीकडे खाली, आडव्या रेषेशी ४५ अंशात. या तिन्हींच्या जागी चालेल असं एकच बल, म्हणजे परिणामी बल, काढायचंय.

थेट बेरीज करून १९० लिहिणाऱ्याला मी धड्याच्या पहिल्या पानावर परत पाठवतो.

प्रत्येक बलाचे आडवा आणि उभा असे दोन भाग, म्हणजे घटक, पाडून ते वेगवेगळे बेरजेला घ्यायचे. माझं खरं भांडण 'आडवा घटक म्हणजे कॉस, उभा म्हणजे साइन' या पाठांतराशी. एका बॅचमध्ये अख्ख्या बाकाने ८० न्यूटनचा आडवा घटक ६९.३ लिहिला. शेवटचं उत्तर ६२ न्यूटन, आणि दिशा डावीकडे, किंचित खाली! कुठून आलं विचारलं, तर कुठल्याशा क्लासचा शॉर्टकटचा छापील कागद पुढे आला. "यात तसंच आहे की हो सर!" कोन उभ्या रेषेपासून दिलाय, हे एकानेही पाहिलं नव्हतं. आडवा घटक ८० साइन ३०, म्हणजे ४०, उभा ६९.३. मी कोनाची कमान काढतो, ती ज्या अक्षाला टेकते त्यावर टिक करतो आणि कॉस तिथेच देतो. शिवाय बल उभ्या रेषेला चिकटून असेल तर उभा घटकच मोठा यायला हवा, एवढं तर नुसत्या डोळ्यालाही कळतं. कर्नाटकच्या सीईटीला एका विषयाचे ८० मिनिटांत ६० प्रश्न असतात, मान्य. पण चित्र न काढता वाचवलेला वेळ चुकीच्या पर्यायावरच खर्च होतो.

आता बेरीज: आडवी ५० − ४० − ४२.४ = −३२.४, उभी ६९.३ − ४२.४ = २६.९. पायथागोरसने परिणामी बल सुमारे ४२ न्यूटन. इथवर नीट येतात आणि कोनाशी माती खातात. कॅल्क्युलेटर टॅनच्या उलट्या बटणावर उणे ४० अंशांच्या आसपास दाखवतो, पोरं तेच उतरवतात. म्हणजे बल उजवीकडे खाली! आडवी बेरीज उणे, उभी अधिक, म्हणजे बल डावीकडे वर. उजवीकडच्या आडव्या रेषेपासून कोन सुमारे १४० अंश. गंमत म्हणजे ती चुकीची दिशा संतुलक बलाची, कडी जागेवर धरायला लागणाऱ्या बलाची. मी चिन्हं बघून आधी बाण काढतो, मगच कॅल्क्युलेटरला हात लावतो.

कॉस ६० दाबल्यावर ०.५ ऐवजी उणे ०.९५ आलं, तर यंत्र अंशांवर नाही, रेडियनवर आहे.

किलोन्यूटन आणि न्यूटन एकाच ओळीत बेरजेला घेऊ नका.

मधल्या पायरीत ४२.४३ चं ४२ करायची घाई कशाला?

घटक सोडून दोन-दोन बलांचे समांतरभुज चौकोन काढत बसणाऱ्यांनी बलं पाच झाली की काय होतं ते करून बघावं.

आणि बलांच्या रेषा एका बिंदूतून जात नसतील, तर घटकांच्या बेरजेतून परिमाण आणि दिशा मिळते, जागा नाही. तिथे आघूर्ण (बल गुणिले बिंदूपासूनचं लंब अंतर) घ्या, व्हॅरिग्ननचा नियम वापरा: परिणामी बलाचं आघूर्ण म्हणजे सगळ्या बलांच्या आघूर्णांची बेरीज.