जुनं फॉक्सप्रो हलवायचंय? आधी एफपीटी मोजा

साखर कारखान्याचा डेटा जुन्या फॉक्सप्रोतून (डॉसच्या काळातलं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) नव्या सिस्टीमवर हलवायचा, तर गाळप बंद झालं की मगच याला हात घालायचा. एप्रिल ते सप्टेंबर, तेवढेच महिने आपले. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो. तोवर नवी सिस्टीम वजनकाट्यावर चालू झाली नसेल तर तो हंगाम गुमान जुन्यावरच काढा. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तेव्हा 'सर्व्हर बंद आहे' हे उत्तर ना सभासदाला चालतं ना एमडींना.

संचालक विचारतीलच, चालतंय की, मग कशाला? सांगा: मायक्रोसॉफ्टनं २००७ सालीच फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही म्हणून जाहीर केलं, २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला सपोर्टही संपला. तोही व्हिज्युअल फॉक्सप्रोचा, म्हणजे नंतरच्या विंडोजवाल्या आवृत्तीचा. आपलं डॉसमधलं २.६ त्याच्याही आधीचं, चौसष्ट बिटच्या विंडोजवर ते उघडतच नाही. कोपऱ्यातला तो जुना पीसी गेला की खेळ संपला. एवढं पुरतं.

बॅकअप घ्या हे शेंबड्या पोरालाही कळतं. कशाकशाचा घ्यायचा, हे मला ईडीपीत, म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात, २२ वर्षं काढूनही कळलं नव्हतं. टेबल असतं डीबीएफ फाइलीत. पण टेबलात मेमो फील्ड (लांबलचक मजकुराचा रकाना) असेल तर त्यातला मजकूर शेजारच्या, त्याच नावाच्या एफपीटी फाइलीत बसतो. डीबीएफमध्ये त्याच्या जागी नुसता ब्लॉकचा आकडा. आमची रात्रीच्या बॅकअपची बॅच फाइल (आज्ञा लिहून ठेवलेली फाइल) फार जुनी, तिच्यात एकच ओळ: कॉपी स्टार डॉट डीबीएफ, म्हणजे फक्त डीबीएफ फाइली उचल. ती लिहिली तेव्हा मेमो कुठंच नव्हते. पुढं ऊसतोड मुकादमांच्या उचलीच्या (आगाऊ रकमेच्या) टेबलात मीच मेमो घातला. जामीनदार कोण, कुठल्या गावचा, मागल्या बाकीची तडजोड काय ठरली, असलं सगळं त्यात. बॅच फाइल तशीच राहिली. मग एका उन्हाळ्यात डेटा पेनड्राइव्हवर घेतला आणि सर्व्हर फॉरमॅट मारला. पेनड्राइव्हवर डीबीएफ. सगळ्या सीड्यांवर डीबीएफ. एफपीटी एकही नाही.

बरं, कळायची संधी आली नाही असंही नाही. हाताखालच्या पोरानं डेटा नव्या सिस्टीमीत घ्यायला पायथनची डीबीएफरीड ही डीबीएफ वाचणारी लायब्ररी लावली, तर ती पहिल्या फटक्यात ओरडली, मेमो फाइल सापडत नाही. मीच म्हणालो, दुर्लक्ष करायची काही सोय असेल बघ. होती. 'इग्नोर मिसिंग मेमोफाइल' म्हणून, ती त्यानं ट्रू केली आणि सगळं कसं सरसर आत गेलं. त्या दिवशी थांबलो असतो तर डिस्कवरून थोडंफार परत निघालं असतं. जुलैत केज-धारूरकडचे मुकादम उचलीला आले, शेती अधिकाऱ्यांनी एकाचा मागल्या सालचा जामीनदार विचारला, आणि पडद्यावर रिकामा चौकोन. शेवटी कपाटातून बाँडच्या फायली काढून दोन महिने जामीनदार टाइप केले. कुणी? त्याच पोरानं. नांदेडहून इंजिनिअरिंग करून प्रोग्रामिंगला म्हणून आलेलं लेकरू. पोळ्यानंतर ते हिंजवडीला गेलं. मी थांब म्हणालो नाही, म्हणायला तोंडच नव्हतं.

म्हणून एफपीटी. डीबीएफचा पहिला बाइट हेक्समध्ये बघा: शून्य-तीन म्हणजे मेमो नाही, एफ-पाच म्हणजे फॉक्सप्रोचा मेमो आहे, आठ-तीन असेल तर डीबेसचा, आणि मग शेजारी डीबीटी नावाची फाइल शोधायची. एफ-पाच किती ते मोजा. एफपीटी किती त्या मोजा. आकडे जुळत नसतील तर घरी जाऊ नका. जुळले तरी कॉपी दुसऱ्या मशिनवर उघडून ब्राउज करा. मेमोच्या रकान्यात 'मेमो' शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल दिसलं तर आत मजकूर आहे, लहान असेल तर आत काही नाही. कॅपिटलवाल्या दहा-वीस नोंदी उघडून डोळ्यांनी वाचा. कॉपीवर वाचा, मूळ मशिनवर नव्हे. आणि मूळ मशिन एक अख्खा हंगाम फॉरमॅट करायचं नाही, कुणी कितीही मागितलं तरी.

डिलीट केलेल्या नोंदी. फॉक्सप्रोत डिलीट म्हणजे नुसती खूण, 'पॅक' ही साफसफाईची आज्ञा मारेपर्यंत नोंद फाइलीतच पडून. काही कन्व्हर्टर ती खूण बघतच नाहीत, आणि कधीच वारलेले सभासद वार्षिक सभेच्या यादीत हजर होतात.

मराठी नावं आमच्याकडं जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये मराठी दाखवणारं कार्ड) भरलेली, म्हणजे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी मुळात इस्कीवरूनच आलेली, त्यामुळं फार त्रास होत नाही. तरी कऱ्हाळे, गोऱ्हे ही आडनावं आधी काढून बघा, ऱ्ह नीट आला तर बाकीचं बहुधा येतं. तुमचा डेटा एखाद्या फाँटात भरलेला असेल तर मात्र नशीब तुमचं. प्रत्येक फाँटात अक्षरांच्या जागा वेगळ्या, तक्ता त्याच फाँटचा मिळवा.

आता लेकरांचं. नवं कुणी रुजू व्हायच्या आधी सगळ्या पीआरजी फाइली (फॉक्सप्रोचे प्रोग्राम) गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल जपून ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाकून ठेवा. पहिल्या दिवशी काळ्या पडद्यासमोर बसवून 'याला हात लावू नको' म्हणू नका. मी म्हणालो होतो. डेटाची एक कॉपी त्यांच्या हवाली करा, मोडू द्या. (कॉपी एफपीटीसकट.) भाषा ते दोन दिवसांत वाचायला लागतात, यूज, स्कॅन, रिप्लेस, त्यात काय आहे? अडतं ते नावांवर. फील्डचं नाव दहा अक्षरांच्या आत बसवायचं म्हणून आम्ही 'व्हीएचटीआरटी' असली नावं ठेवली. म्हणजे वाहतुकीचा दर, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक फील्डपुढं अर्थ लिहा. कंटाळवाणं काम आहे, ते तुम्हीच करायचं, लेकरांवर ढकलायचं नाही.

आता आलेली पोरगी औशाकडची. तिला मी टेबलं दिलीच नाहीत. तिच्या वडिलांची काट्याची पावती दिली आणि म्हटलं, हे वजन इथून बिलापर्यंत कसं जातं ते शोधून काढ. काटा, वजावट, तोडणी-वाहतूक, सोसायटीचं कर्ज, सगळं करत ती तीन दिवस पीआरजी उलगडत बसली. चौथ्या दिवशी वाहतुकीच्या अंतरात माझी चूक दाखवली. बरोबर २५ किलोमीटरवरचं गाव वरच्या टप्प्यात पडत होतं, 'पेक्षा जास्त'च्या जागी 'किंवा जास्त' लिहिलेलं, बारा वर्षं. "सर, घरी सांगू का?" म्हणाली.

पगार पुण्याएवढा देता येत नाही, तो आकडा मुलाखतीतच सांगून टाका. 'अनुभव मिळेल' हे वाक्य बोलू नका, त्यांनी ते फार ऐकलंय. नवी बाजू पोस्टग्रेस (आजचा डेटाबेस) आणि पायथनमध्येच ठेवा, म्हणजे उद्या बाहेर पडताना हातात काही राहील. नुसतं फॉक्सप्रो शिकवाल तर जे हुशार आहे ते थांबणार नाही.

बाकीचं उरकतो. मागल्या हंगामातल्या दोन पंधरवड्यांची बिलं नव्या-जुन्या दोन्हीवर काढून पैशापर्यंत जुळवा; फरक आला तर राउंडिंग बघा. डॉसबॉक्स (नव्या पीसीवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं पाहण्यापुरता, नेटवर्कवर चार जणांनी एन्ट्री करायला नाही. एलपीटीचं (जुन्या प्रिंटरचं) पोर्ट नसलेला पीसी घेऊ नका. यूपीएसची बॅटरी. काटेवाल्याला एक दिवस आधी शिकवा, त्या दिवशी सकाळी नव्हे. बॅच फाइल स्वतः उघडून वाचा, तिच्यात एफपीटी आहे का बघा. परत बघा. डॉट मॅट्रिक्सच्या रिबन चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा, पावती अजून त्याच्यावरच निघणार आहे.