फोन चोवीस तास बंद ठेवायचाय? मग आदल्या दिवशी एवढं करा

अमेरिकेत ‘रीबूट’ नावाच्या ज्यू संस्थेने सुरू केलेला एक दिवस आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत फोन, संगणक बंद. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइलला सुट्टी. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात भोंगा कोण वाजवणार? म्हणून आम्ही अमेरिकेचा शुक्रवार धरला. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर मार्च सोडाच, एखादा सोयीचा शनिवार बघा.

मनाचा निर्धार वगैरे ठीक, पण माणूस अडतो तो बारीकसारीक कामांत. गजराचं घड्याळ काढा, त्यात सेल आहे का बघा. लागणारे नंबर डायरीत उतरवा. पैशांचं तर आधीच बघा. एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात आणि जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीला पाचशेची नोट काढलीत तर भाजीवाली वर बघून म्हणते, “ताई, स्कॅन करा ना!” म्हणून दहा-वीसच्या नोटा गुरुवारीच जमवा. गॅसचा सिलिंडर त्या दिवशी येणार नाही असं बघा, त्याचा कोड फोनवरच येतो. वॉचमनला सांगून ठेवा, कुणी आलं तर सरळ वर पाठव. लोकलचं तिकीट खिडकीवर काढायचं, तेवढी दहा मिनिटं आधी निघा.

अडीअडचणीला सासूबाईंचा बटणांचा फोन चालू ठेवतो. तो नंबर नणंदेला आणि मुलाच्या क्लासला दिलेला असतो. बाकी सगळे फोन कपाटाच्या लॉकरमध्ये, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यांच्याकडे वशिला चालत नाही.

शुक्रवारची रात्र जड जाते. जेवणं झाली की सगळ्यांचे हात उगाच खिसे चाचपतात. तेव्हा पत्ते काढा. चौघं असाल तर मेंढीकोट. आमच्याकडे सासूबाई भिडूला डोळ्यांनी खुणा करतात आणि पकडल्या गेल्या की मोतीबिंदूवर ढकलतात. शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात चक्कर मारा (१८९३ पासूनचं आहे, ठाण्यात राहून पाहिलं नसेल तर कमाल आहे), ऊन उतरल्यावर तलावपाळी.

सूर्य मावळल्यावर फोन चालू कराल तेव्हा आधी चुकलेले कॉल, मग बँकेचे मेसेज बघा. ग्रुपवरची गुलाबाची फुलं न उघडताच पुसून टाका.