वर्गाच्या छताला टांगायचं, पण खाली उतरवता येईल असं

जून उजाडला की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा–अमळनेर भागातल्या शाळांमध्ये वर्ग सजवायची धांदल सुरू होते. भिंती तक्त्यांनी भरलेल्याच असतात, म्हणून नजर छताकडे वळते. पताका येतात, चकचकीत कागदाचे तारे येतात, पुठ्ठ्याचे ग्रह लटकतात. दिवाळीपर्यंत त्या सगळ्यावर धुळीचा थर बसतो आणि मुलं वर बघायची थांबतात.

मीही काही वर्षं हेच केलं. मग एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून मी तिला सोडलेलं नाही. टांगलेली वस्तू मुलाच्या हातात परत येत नसेल तर तिचा उपयोग पहिल्या आठवड्यापुरताच. म्हणून छताला कायमचं काही बांधायचं नाही. विहिरीच्या पोहऱ्यासारखं खाली-वर करता येईल अशी दोरी लावायची आणि सजावट त्या दोरीला बांधायची. शिडी वर्षातून एकदाच लागते.

आधी छत बघा

स्लॅबची खोली असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींवर, जमिनीपासून साधारण ९ फुटांवर, एकेक डोळ्याचा, म्हणजे टोकाला गोल कडी असलेला, हूक बसवायचा. भोक विटेत पाडायचं, दोन विटांच्या सांध्यात नाही. सांध्यातला हूक ओढ बसली की भोकात ठोकलेल्या प्लगसकट बाहेर येतो. नुसत्या प्लास्टरच्या भरवशावर तर राहूच नका. कोणाकडे ड्रिल मशीन असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

पत्र्याची खोली असेल तर पत्र्याला हात लावायचा नाही. एक भोक पाडलं की पावसाळाभर त्याच्याखाली बादली ठेवावी लागते. पत्रे पेलणाऱ्या कैचीच्या लोखंडी पाइपाला दोरीचा वेढा मारून तिथे कडी अडकवा. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, खोलीत छताखालच्या लाकडी कड्यांना (आडव्या लाकडांना) बांधता येतं, पण आधी ते लाकूड वाळवीने पोखरलेलं नाही ना ते ठोकून बघा.

विजेच्या वायरीला, पट्टीला, ट्यूबलाइटच्या फिटिंगला काहीही बांधू नका. यात तडजोड नाही.

पंख्यापासून पाच फूट

नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मधल्या दांडीपासून दोन फुटांपर्यंत फिरतं. त्याच्या पुढे आणखी तीन फूट मोकळे ठेवा, म्हणजे दांडीपासून पाच फुटांत दोरी नको आणि दोऱ्याचं टोकही नको. पहिल्या वर्षी मी दोरी पंख्याला खेटून नेली होती. मधल्या सुट्टीत खिडकीतून वारा आला, एका कार्डाचा दोरा पात्याला लागला आणि क्षणात सगळी माळ दांडीभोवती गुंडाळली गेली. वर्ग रिकामा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून वर्गाचा नियम आहे, दोरी सोडायच्या आधी पंखा बंद.

दोरी कशी ओढायची

तीन मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉनची दोरी घ्या, कपडे वाळत घालायला वापरतात ती. बाइंडिंगची तार नको. ती हुकातून सरकत नाही आणि जिथे वाकते तिथेच तुटते. सुतळीचे धागे सुटतात आणि चिमण्या ते घरट्याला नेतात.

दोरीचं एक टोक एका भिंतीवरच्या हुकाला पक्कं बांधा. दुसरं टोक समोरच्या हुकातून ओवून खाली आणा. तिथे जमिनीपासून सहा फुटांवर, वर-खाली चार इंचांच्या अंतराने दोन मोठे स्क्रू अर्धे बाहेर ठेवून बसवा आणि त्यांच्याभोवती दोरी आठच्या आकड्यासारखी गुंडाळा. सहा फूट यासाठी की मुलांचा हात पोचू नये. दोरी सोडण्याचं काम शिक्षकाचंच. हुकात छोटी कप्पी अडकवली तर दोरी झिजत नाही.

वीस फूट रुंदीच्या खोलीला तीस फूट दोरी पुरते. बघताना विश्वास बसत नाही, पण दोरी अडीच-तीन फूट सैल सोडली की मधला भाग पाच फूट खाली येतो. तिसरीतल्या मुलाच्या हाताला कार्ड लागायला एवढं बस आहे. भिंतीजवळचा भाग फारसा खाली येत नाही, म्हणून दोन्ही टोकांचे तीन-तीन फूट रिकामे ठेवा.

आता सगळ्यांकडून होणारी चूक सांगते. दोरी तारेसारखी ताणून बांधायचा मोह होतो. वीस फुटांच्या दोरीवर एकूण किलोभर वजन असेल आणि मध्ये सहा इंचांचा झोल असेल, तर दोन्ही हुकांवर सुमारे पाच किलोची ओढ येते. तोच झोल दोन इंचांवर आणला तर ओढ पंधरा किलोच्या घरात जाते. वजन तेवढंच, पण हूक उपटायला तीच ओढ पुरते. झोल राहू द्या. डोळ्यांना तो खुपत नाही.

सजावटीचं खालचं टोक जमिनीपासून सात फुटांच्या वर असलं पाहिजे. मुलं उड्या मारणारच.

काय टांगायचं

आमच्याकडे घराघरात कपाशी आहे, म्हणून माझ्या वर्गात पहिली दोरी कपाशीची असते. जूनमध्ये त्यावर एकच पाकीट लटकतं, सरकीचं. मग दोन पानांच्या रोपाचं चित्र, मग पातं, म्हणजे कळी, मग फूल. फुलाचं कार्ड आम्ही दोन्ही बाजूंनी रंगवतो. उमललेल्या दिवशी कपाशीचं फूल दुधाळ असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एका दोऱ्यावर टांगलेलं कार्ड वाऱ्याने आपोआप फिरतं, त्यामुळे पहिला आणि दुसरा दिवस आलटून पालटून दिसतात. पुढे बोंड, फुटलेलं बोंड आणि शेवटी मुलांनी हाताने वळलेली वात. सहा महिन्यांत दोरी हळूहळू भरते. नवं कार्ड लावायच्या दिवशी दोरी खाली येते, जुनी कार्डं मुलं हातात घेऊन वाचतात, चुका दुरुस्त करतात. एका मुलीने शेतातून खरं बोंड आणलं होतं. दोरी वर गेली तरी ती मान वर करून जागेवरून ओरडत होती, "मॅडम, मन्हं बोंड दखा!" म्हणजे माझं बोंड बघा.

खरं बोंड लावायचं तर पूर्ण फुटलेलं, कडक उन्हात वाळवलेलं घ्या. न फुटलेल्या बोंडात गुलाबी बोंडअळी दडून राहते. त्याच कारणाने, काडीला कार्डं लटकवून झुंबर करायचं तर त्यासाठी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, वापरू नका. तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, हलकी आणि सरळ असते, तीच बरी.

कार्ड फिरतं म्हणून दुसरी बाजू कोरी सोडायची नाही. दुसऱ्या दोरीवर मी शब्द टांगते, एका बाजूला मुलाच्या घरातला अहिराणी शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. आंडेर आणि मुलगी. मन्हं आणि माझं. तठे आणि तिथे. पहिलीत आलेलं मूल आपलं घरचं बोलणं छताला टांगलेलं बघतं तेव्हा त्याचं तोंड उघडतं, हे मी दर वर्षी बघते. अक्षरं मात्र दोन इंच उंचीची हवीत, तरच शेवटच्या बाकावरून वाचता येतात. साधा हिशोब असा की दहा फुटांना एक इंच.

ग्रहमाला टांगायची असेल तर आकार खरे ठेवा. पृथ्वी एक सेंटिमीटरचा मणी धरली तर गुरू अकरा सेंटिमीटरचा होतो आणि सूर्य एक मीटरहून थोडा मोठा. तो टांगायचा नाही, फळ्याशेजारी भिंतीवर खडूने गोल काढायचा. याच मापात सूर्य पृथ्वीपासून सुमारे ११७ मीटर दूर असतो, म्हणजे बहुतेक शाळांच्या फाटकाच्याही पलीकडे. मुलांना मणी घेऊन तिथपर्यंत चालत न्या. अंतर छताला टांगता येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं तरी पुष्कळ.

झुंबराचा तोल

दोन फुटी तुराटीच्या मध्यावर दोरा बांधा. एका बाजूला वीस सेंटिमीटरवर एक कार्ड, दुसऱ्या बाजूला दहा सेंटिमीटरवर तशीच दोन कार्डं लावली की काडी आडवी राहते. हे मुलांनाच सरकवून शोधू द्या. आपण आधी सांगितलं की त्यातली मजा जाते. जाड कार्डशीटचं वहीच्या पानाएवढं कार्ड दहा ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पंचवीस कार्डं लावली तरी दोरीवर पाव किलोच.

सगळं गाठीने बांधा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली सेलोटेप सुटतो आणि ग्लूगनचा गोंद मऊ पडतो. कार्डाला पंचने भोक पाडून त्याभोवती कागदाची गोल चकती चिकटवली की भोक फाटत नाही.

किती टांगायचं

कमी. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २४ लहान मुलांना एकदा खूप सजवलेल्या आणि एकदा जवळजवळ मोकळ्या वर्गात धडे दिले. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि त्यांनी शिकलंही कमी. अभ्यास लहान आहे, पण वर्गात उभं राहणाऱ्याला त्यातलं खरं पटतं. मी एका वेळी तीनपेक्षा जास्त दोऱ्या ठेवत नाही, आणि फळ्याच्या समोरचा छताचा भाग पूर्ण मोकळा सोडते. तपासणीला कोणी येणार म्हणून चौथी दोरी लावत नाही.

महिन्यातून एका शनिवारी सगळ्या दोऱ्या खाली येतात. शिकवून झालेलं निघतं, धूळ ओल्या फडक्याने नाही तर कोरड्या ब्रशने झटकली जाते, आणि कार्ड ज्याचं त्याच्या घरी जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोरीही काढून कपाटात ठेवते. जूनमध्ये ती परत ओवण्याआधी प्रत्येक हूक हाताने ओढून बघते. जो जरासा हलतो, तो काढून शेजारच्या विटेत नवा बसवायचा.