रनफ्लॅटच्या आवाजाने वैताग आलाय? साधे टायर टाकायच्या आधी आणि टाकताना काय बघायचं

आपल्याकडे कुणी सेकंडहँड बीएमडब्ल्यू नाहीतर मिनी घेतली की थोड्या दिवसांत एक तक्रार हमखास येते, गाडी झकास आहे पण आत सारखा घूंऽऽ आवाज येतो आणि खड्ड्यात कंबर हलते. बऱ्याचदा कारण असतं रनफ्लॅट टायर. हवा गेली तरी गाडीचं वजन पेलता यावं म्हणून याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून जाड रबराने कडक केलेली असते, त्यामुळे हवा शून्य झाली तरी साधारण ८० च्या स्पीडने ८० किलोमीटर जाता येतं, पण तोच कडकपणा रोज रस्त्याचा हादरा नि आवाज थेट आत पाठवतो. साधे टायर टाका असंच मी सांगेन. फक्त एक लक्षात ठेवा भाऊ, रनफ्लॅट हीच तुमची स्टेपनी होती, कंपनीने डिकीत वेगळी दिली नाही ती त्याच हिशोबाने. म्हणून आधी स्टेपनीची सोय आणि मग टायर.

आवाज खरंच टायरचाच आहे का हे पहिलं बघा, नाहीतर एवढा खर्च करून आवाज तसाच. सिमेंटच्या रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आलात आणि आवाज एकदम बदलला तर टायर. रस्ता तोच, पण मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे-उजवीकडे वळवताना आवाज कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग बघून घ्या. आणि ट्रेडवरून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत नि उलट दिशेने करवतीसारखं टोचतंय म्हणजे टायर वाकडा झिजलाय, अशा वेळी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ, न करता नवे टाकले तर तेही तसेच झिजून बोंबलणार.

आता टायर निवडताना साइज जशीच्या तशी घ्यायची, समजा २२५/५० आर१७ ९४ डब्ल्यू असं लिहिलंय, तर यातला ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो नि डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंतचा स्पीड, हे दोन्ही तेवढंच किंवा जास्त हवं, कमी चालणार नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. काही गाड्यांना पुढे-मागे वेगळी साइज असते, म्हणून चारही चाकं वाचा. रनफ्लॅट ओळखायला साइडवॉलवर आरएफटी, आरओएफ, झेडपी, एसएसआर असं काहीतरी असतं, कंपनीप्रमाणे अक्षरं बदलतात, नव्या टायरवर यातलं काही नको. रिम बदलायची गरज नाही, त्याच रिमवर त्याच साइजचा साधा टायर बसतो. साइडवॉलवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडेही वाचा, २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. आपल्या उन्हात दुकानाबाहेर वाळत पडलेला जुना माल घेऊ नका. आणि दोन रनफ्लॅट दोन साधे अशी खिचडी करू नका, दोघांची साइडवॉल वेगळी वागते आणि गाडी वळणात विचित्र चालते, पैसे नसतील तर थांबा पण चारही एकदम बदला.

स्टेपनीचं म्हणाल तर कायद्याची अडचण नाही, २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर नि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी सक्तीची नाही. पण कायदा काय रात्री अकराला चोपड्याच्या रस्त्यावर मदतीला येत नाही. १२ व्होल्टचा हवेचा पंप, दोरीवालं पंक्चर किट, पक्कड, हातमोजे, टॉर्च, रिफ्लेक्टरचा त्रिकोण एवढं तर हवंच. बाभळीचा काटा किंवा खिळा ट्रेडमध्ये घुसला तर दोरी काम करते, साइडवॉल फाटली तर दोरीही नाही नि सीलंटचा डबाही नाही. शेतशिवारात, कच्च्या रस्त्यावर जाणं असेल तर बारीक स्टेपनी, म्हणजे स्पेस सेव्हर घ्याच, घेताना बोल्टची भोकं जुळतात का एवढंच पाहू नका, पुढच्या चाकाला प्रत्यक्ष लावून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते बघा. ती लावून ८० च्या वर जायचं नाही. जॅक, पाना आणि लॉक बोल्ट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून असतो तो) असेल तर त्याची चावी, हे गाडीत खरंच आहे का ते आजच शोधा, सेकंडहँड गाडीत ही चावी हमखास गायब असते.

टायर काढायला साध्या पंक्चरवाल्याकडे जाऊ नका, त्याचा दोष नाही, तो स्वतःच म्हणेल "हाऊ टायर भलताच कडक शे भाऊ". पहारीने काढायला गेलं तर अलॉय ओरखडतो. हेल्पर आर्म, म्हणजे कडक टायर दाबून धरणारा जादा हात, असलेलं मशीन लागतं, ते आहे का आधी फोन करून विचारा. तिथे गेल्यावर समोर उभे राहा. व्हॉल्व्हपाशी आत हवेचा सेन्सर असेल तर बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कडा) दाबायच्या आधीच सांगा, मशीनचं पातं व्हॉल्व्हच्या जवळ नको, एक फटका नि सेन्सर गेला. टायर निघाला की रिम आतून पुसून वाकली आहे का फिरवून बघा, बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक डुलताना लगेच दिसतं. साइडवॉलवर बाण असेल तर तो पुढे फिरायच्या दिशेने, आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर, हे गडबडीत उलटं बसवलेलं पाहिलंय मी. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतून चिकटवायची. बोल्ट शेवटी हाताने टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आवळायचे, आकडा मॅन्युअलमध्ये असतो, नुसती हवेची गन मारून सोडून देऊ देऊ नका, त्या पंक्चरच्या रात्री तोच बोल्ट तुम्हाला सुटणार नाही. मग अलाइनमेंट.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, आणि सकाळी थंड टायरमध्ये. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशात उन्हात उभ्या गाडीची हवा बघितली तर आकडा चढलेलाच दिसणार, दर पाच-सहा अंशाला साधारण १ पीएसआय वाढतो, तेव्हा ती काढत बसू नका, सकाळी कमी भरेल. साध्या टायरला हवा कमी असली तर साइडवॉल तापते, म्हणून आता दर पंधरा दिवसांनी गेज लावायची सवय ठेवा. हवा भरून झाली की गाडीच्या मेनूतून सेन्सर रिसेट करा, नाहीतर दिवा उगाच पेटेल. पहिले दोन-तीनशे किलोमीटर आरामात चालवा, नवा टायर घेऊन लगेच कन्नड घाटात पिळू नका, वळणावर गाडी थोडी मऊ वाटेल, ते ठीक आहे. आणि ५०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट परत एकदा तपासा.

जुने रनफ्लॅट चांगले असतील तर गिऱ्हाईक मिळतं, पण ज्यावर हवा नसताना गाडी पळवलीय तो मात्र विकू नका, वरून चांगला दिसला तरी आतून जळालेला असतो, दुकानातच साइडवॉल कापून भंगारात टाकायला सांगा.