सदाफुलीतली बुरशी शोधताय? या चुका टाळा

सोलापुरात अंगणोअंगणी फुलणाऱ्या सदाफुलीत व्हिन्क्रिस्टीन, व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं अगदी अल्प प्रमाणात असतात. झाडाच्या आत, त्याला अपाय न करता राहणारी बुरशीही ही औषधं बनवते का, हे तपासायला एमएस्सीची मुलं प्रकल्प घेतात. त्यात हमखास काय बिघडतं, ते सांगतो.

बुरशी वाढवायला पानाचे तुकडे पोषक माध्यमाच्या प्लेटवर ठेवतात. प्रत्येक प्लेटवर काळी-हिरवी बुरशी माजली, तर ती बहुधा पानावरच्या धुळीतलीच आहे. पान 70 टक्के अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्यानं धुवायचं. शेवटच्या धुण्याचं थोडं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरा. तिथे काही उगवलं, तर ती सगळी खेप टाकून द्या, मन घट्ट करून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातलं ब्लीच लवकर निकामी होतं, म्हणून बाटली ताजी घ्या. उलट काहीच उगवत नसेल, तर ब्लीच आतपर्यंत शिरलंय. सदाफुलीचं पान पातळ असतं, वेळ कमी करा. पान आधी धुवा, मग कापा.

मे महिन्याच्या दुपारी पानं गाडीच्या डिकीत ठेवून आणू नका. सकाळी तोडा, बर्फाच्या डब्यात आणा, त्याच दिवशी काम सुरू करा. आणि चौथ्या दिवशी प्लेटा फेकू नका. हळू वाढणाऱ्या बुरशा दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात.

सर्वांत मोठी चूक मात्र निष्कर्षात होते. टीएलसीवर (पदार्थ वेगळे करून ठिपक्यांच्या रूपात दाखवणारी साधी चाचणी) ठिपका जुळला, की मुलं ‘औषध सापडलं’ असं लिहून मोकळी होतात. ठिपका जुळला म्हणजे पदार्थ तोच, असं नाही. प्रमाणित नमुन्याशेजारी एलसी-एमएस (रेणूचं वस्तुमान मोजून ओळख पटवणारी चाचणी) करायलाच हवं. शिवाय ते रेणू झाडातूनच बुरशीसोबत आलेले असू शकतात. म्हणून बुरशी चार-पाच वेळा नव्या पोषक माध्यमावर वाढवून पुन्हा मोजा. 1993 साली पॅसिफिक यू झाडातल्या टॅक्सोमायसिस अँड्रिॲनी बुरशीत टॅक्सॉल हे त्याच झाडातलं कर्करोगावरचं औषध सापडल्याचं जाहीर झालं, केवढी आशा वाटली! पण 2013 च्या एका अभ्यासात बुरशी ते स्वतंत्रपणे बनवते याचा पुरावा मिळाला नाही. खरोखर बनवणाऱ्या बुरशांतही पिढ्यांमागून उत्पादन घटत जातं. म्हणून शुद्ध केलेली पहिलीच वाढ ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जपून ठेवा.

बुरशीच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मेल्या, तर निरोगी पेशींवरही तोच अर्क टाकून पाहा. दोन्ही सारख्याच मेल्या, तर हातात नुसतं विष आहे.