चुडतांचा मांडव: लग्नघराची सजावट घरच्या घरी

भाचीच्या लग्नाला आम्ही उत्साहाच्या भरात तीन दिवस आधीच चुडताच्या, म्हणजे माडाच्या झावळीच्या, पातींचे तोरण करून दारावर चढवले. आदल्या दुपारी बघतो तर पाती सुरळी होऊन तपकिरी पडलेल्या, आणि तोरण कसले, जुनी केरसुणी टांगल्यासारखे दिसत होते. मामी म्हणाली, "चुडत काय तुझी वाट बघत थांबणार?" मग हॅलोजन लावून रात्री साडेदहाला पुन्हा सुरुवात. चार बायका, दोन शाळकरी मुलगे आणि एक कोयता. दीड वाजता झाले, आणि आधीच्यापेक्षा चांगले झाले.

पानाफुलांची सजावट हाताला अवघड नाही. अवघड असते ते वेळापत्रक. म्हणून आमच्या घरात आता हाच नेम आहे: कागद आणि करवंट्या आठ दिवस आधी, चुडत आणि फुले आदल्या संध्याकाळी, आंब्याचे टाळे लग्नाच्या दिवशी पहाटे. पुढची कृतीही त्याच क्रमाने सांगते, फक्त चुडताला जागा जास्त देणार आहे, कारण मांडवाची शोभा त्याच्यावर असते.

आठ दिवस आधी: करवंट्यांचे दिवे

लग्नघरात नारळ फुटतच असतात, त्यामुळे करवंट्यांची वाण नसते. खोवून झालेल्यांतल्या अखंड कडेच्या, खोलगट करवंट्या बाजूला काढायला आधीच सांगून ठेवा. नाहीतर त्या चुलीत जातात.

त्या रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी आतला उरलेला खोबऱ्याचा पापुद्रा सुरीने सुटतो आणि बाहेरचा काथ्याही ओरबाडता येतो. दिवसभर उन्हात वाळवून बाहेरून पॉलिश पेपर फिरवा, आधी ८० नंबरचा, मग २२०चा. इथे घाई करू नका. पहिली पाच मिनिटे काहीच झाले नाही असे वाटते, मग अचानक खालचा काळसर तपकिरी रंग दिसायला लागतो. शेवटी खोबरेल तेलाचे बोट फिरवले की शिसवीसारखी चमक येते. टांगायची असेल तर कडेपासून बोटभर खाली सारख्या अंतरावर तीन भोके पाडून सुतळी ओवा.

करवंटी चांगला पेट घेते, तिचा कोळसाही करतात. तेव्हा आत मेणाची पणती ठेवायची असेल तर तळाला इंचभर वाळू घाला आणि दिवा जमिनीवर, पायरीवर किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावरच ठेवा. चुडतांच्या मांडवाखाली टांगायच्या करवंट्यांत फक्त बॅटरीचे दिवे.

कागदाच्या पताका तर मुलांनाच द्या. पतंगी कागदाचे त्रिकोण कापायचे, वरची दोन बोटे कड सुतळीवर दुमडायची आणि खळीने चिकटवायची. खळ म्हणजे दिवाळीआधी नरकासुराचे पुतळे करताना वाड्यावरची पोरे ढवळतात तीच: दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. कीड लागू नये म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालत. ते विषारी असते, आणि मुले खळीची बोटे चाटतात. आपल्याला आठच दिवस टिकवायचे आहे, नको ते.

थर्माकोलच्या सजावटीवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, हे अजून बऱ्याच घरांत माहीत नसते. नावाची अक्षरे करायची असतील तर पुठ्ठ्याची करा आणि त्यावर खळीने सुतळी गुंडाळत जा. थर्माकोलपेक्षा ती देखणी होतात.

आदल्या संध्याकाळी: चुडताचे तोरण

पाडेली नारळ पाडायला येणार असेल त्या दिवशी किंवा खास बोलावून त्याच्याकडून दोन-तीन हिरवी चुडते काढून घ्या. खालच्या, पिकायला लागलेल्या चुडतांच्या वरची ओळ सांगायची. शेंड्याचे पिवळसर कोवळे चुडत दिसायला फार सुंदर असते, आणि हौशी मंडळी तेच मागतात. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो दुखावला की माड गेला. कोणाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, माड तोडायचाच असेल तर त्याचे कोवळे चुडत आनंदाने आणा, एरवी नको. एका चुडताला दोनशेच्या आसपास पाती असतात, तेव्हा एका दाराला एक चुडत भरपूर झाले.

लागतो तो कोयता, लहान धारदार सुरी, सुतळी, ओले फडके आणि दोन खुर्च्या.

१. चौकट मोजा. चार फुटांची असेल तर चुडताच्या मधल्या भागातला साडेचार फुटांचा तुकडा तोडा. शेंड्याकडच्या पाती आखूड आणि बुडाकडचा दांडा फार जाड, म्हणून मधलाच.

२. दांडा उभा चिरायचा आहे. निमुळत्या टोकाला कोयत्याने बरोबर मधोमध वीतभर छेद द्या. मग कोयता बाजूला ठेवा आणि दोघांनी दोन फाकी धरून हळूहळू ओढा. फाट एका बाजूला सरकायला लागते, आणि तिथेच नवशिक्यांचे तोरण बिघडते. उपाय सोपा आहे: जी फाक जाड राहतेय तीच जास्त वाकवून ओढायची, म्हणजे फाट पुन्हा मध्यावर येते. मल्ले, म्हणजे चुडतांचे झाप, विणणाऱ्या बायकांना हे बघून बघून येते. आपल्याला दोन-तीन दांडे वाया घालवून येते.

३. आता एका बाजूलाच पाती असलेल्या दोन फाकी मिळाल्या. एक दाराला, दुसरी मांडवाच्या तोंडाला. ओल्या फडक्याने प्रत्येक पात पुसा. कोळिष्टके आणि तांबड्या मुंग्या असतातच.

४. फाक दोन खुर्च्यांच्या पाठींना आडवी बांधा, पाती खाली लोंबू द्या. जमिनीवर ठेवून काम केले तर कंबर जाते आणि पातींची लांबीही कळत नाही.

५. पहिल्या पातीला दांड्यापासून चार बोटांवर, मधल्या हिराच्या, म्हणजे पातीतल्या ताठ काडीच्या, शेजारी सुरीच्या टोकाने बोटाच्या पेराएवढी उभी चीर द्या. पातीचे टोक वर आणून त्या चिरेतून पुढून मागे घाला आणि चार बोटे ओढून घ्या. थेंबाच्या आकाराचा फास तयार होतो. हीर काढायचा नाही, त्यानेच वळणाला आकार येतो. टोक सुटत असेल तर हिराचा लहान तुकडा टाचणीसारखा टोचा.

६. दुसऱ्या पातीचा हीर सोलून काढा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नखाने उभ्या फाडून चार-चार बारीक फिती करा. वाऱ्यावर या फिती हलतात. फास आणि फिती, असे एकाआड एक शेवटपर्यंत.

७. फितींची टोके एका रेषेत कापा. तोरण टांगल्यावर खालची कड जमिनीपासून साडेसहा फूट तरी वर हवी. नवरा मुंडावळ्या बांधून येतो, आणि मुंडावळीत अडकलेली फीत व्हिडिओत कायमची राहते.

८. प्रत्येक फासाच्या चिरेत झेंडूचे एक फूल देठासकट खोचा. हे मात्र सकाळी.

सोललेले हीर फेकू नका, पुढे लागतात. झालेले तोरण रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून पडवीत सावलीला ठेवा आणि पहाटे चढवा. मे महिन्यातले लग्न असेल तर गोणपाटावर झोपण्यापूर्वी एकदा पाण्याचा हबका मारा. तुळशीचे लग्न झाल्यावरच्या थंड दिवसांत तेवढी गरज पडत नाही.

उरलेल्या पातींची साखळी होते. हीर काढला की एका पातीच्या दोन लांब पट्ट्या मिळतात. सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्यांची टोके काटकोनात एकमेकांवर ठेवून हिराच्या तुकड्याने टोचा. खालची पट्टी वरच्यावरून दुमडा, मग आता खाली गेलेली दुसरी तिच्यावरून, आणि असेच आलटून पालटून संपेपर्यंत. शेवटी टोचून सोडली की ती स्प्रिंगसारखी उलगडते. एक पट्टी पातीची आणि एक लाल घोटीव कागदाची घेतली तर खांबांना फार छान दिसते. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे एकदा दाखवले की पुरते, मग थांबवावे लागते.

फुले

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहणाऱ्याला फुलांची चिंता नाही. म्हार्दोळची जायो, म्हणजे जाईची फुले, तर म्हाळसा देवीच्या जायांच्या पूजेमुळे सगळ्यांना माहीत. मार्च-एप्रिलचे लग्न असेल तर सुरंगीच्या वळेसारांचा, म्हणजे गजऱ्यांचा, वास आधी येतो आणि पाहुणे मागून. पण सजावटीला माझे मत अबोलीला. तिला वास नाही, ही तिची खोड खरी, पण ती जाईसारखी रात्रीत मान टाकत नाही. वासासाठी मधे मधे मरवा घाला.

अबोलीची फांती, म्हणजे गुंफलेली माळ, दोऱ्यात करू नका, दोरा देठ कापतो. केळीच्या वाळलेल्या सोपाचे बारीक धागे, म्हणजे वाख काढा आणि दहा मिनिटे पाण्यात भिजवा. वाखाचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून ताणून धरा. दोन फुले देठ आत करून डावीकडे, दोन उजवीकडे, देठांवर देठ. वाखाचा एक वेढा देठांभोवती, मग फास करून त्यातून ओढून घट्ट. पुढची चार फुले इतकी जवळ बसवा की आधीचे देठ दिसू नयेत. मूठभर फुलांची बोटभर फांती होते, म्हणून अंदाजापेक्षा दुप्पट फुले आणा. चौरंगाच्या कडेला, कलशाच्या गळ्याला, समईच्या दांड्याला अशा लहान फांत्या बांधा. सगळा मांडव अबोलीने भरायचा हट्ट धरला तर नवरीची मावशी लग्नाच्या दिवशी झोपलेली सापडेल.

केलेल्या फांत्या केळीच्या पानात गुंडाळून वर ओले फडके घाला.

पहाटे: आंब्याचे टाळे

याला फार सांगायला नको. एकवीस सारखी, मध्यम वयाची पाने निवडा. कोवळी तांबूस पाने तासाभरात लोळतात. पुसून प्रत्येकाचे देठाकडचे टोक सुतळीवर मागे दुमडायचे आणि हिराच्या तुकड्याने टाचायचे, स्टेपलरची गरज नाही. दोन पानांत झेंडू. मीटरभर चौकटीला एवढे बसते.

आणि फळांचा झुला

हे आम्ही चवथीच्या माटोळीवरून, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगतात त्या चौकटीवरून, उचलले. पहिल्यांदा बोलून दाखवले तेव्हा आत्या उखडल्या, "माटोळी गणपतीची, ती लग्नात कशाला?" त्यांचे म्हणणे मानून आम्ही त्याला झुला म्हणालो आणि देवघरासमोर नाही, पाहुण्यांच्या जेवणाच्या जागेवर टांगला. तुमच्याकडेही आधी वडीलधाऱ्यांना विचारा.

बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्यांची तीन बाय तीन फुटांची चौकट करा, आत वीतभर अंतरावर आडव्या-उभ्या पट्ट्या बांधा. जुनी माणसे केवणीच्या सालीची दोरी वापरत. ती नसेल तर काथ्याचा सुंब घ्या, कारण नायलॉनची गाठ ओझ्याने सरकते. चौकट रिकामी असतानाच चार कोपऱ्यांना दोर बांधून वाशाला टांगा, मग फळे चढवा. खाली भरून मग उचलायला गेलात तर चार माणसे चार दिशांना ओढतात आणि शहाळी कोणाच्या तरी पायावर येतात. जड वस्तू, म्हणजे नारळांचा घोस आणि केळीचा घड, दोरांच्या जवळ कोपऱ्यांत. बेड्यांचे (सुपाऱ्यांचे) झुपके, लिंबे, मिरच्या, हळदीची पाने मधे. माटोळीतली रानफळे भाद्रपदातली, ती लग्नाच्या महिन्यांत मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी त्यांतली लालभडक कवंडळे मुलांच्या हाताला येतील अशी टांगू नका. ती खायची नसतात. बांबूच्या पट्ट्या, सुंब आणि टोपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच फेरीत मिळून जातात.

झुल्यावरची केळी वरात निघेपर्यंत मुले संपवतात. घड निम्मा हिरवा निवडलात तर वाचतो.

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी सुतळी आणि पताका काढून गुंडाळून ठेवा, करवंट्या धुऊन दिवाळीला ठेवा. पाने, फुले आणि फिती माडाच्या आळ्यात. दांडे वाळले की पावसाळ्यात बंबात घालायला होतात. आणि जमवून ठेवलेले हीर सारखे कापून बुडाशी घट्ट बांधा. एका लग्नाच्या हिरांत अंगण झाडायची एक केरसुणी होते, आमची अजून चालू आहे.